‘केवळ कल्पना’

इ. स. १७८४ सालची गोष्ट. पॅरिसनजीकच्या पासी या गांवीं एका बागेंत कांहीं विद्वान् मंडळी जमली होती. घर होतें अमेरिकेचे वकील बेंजामिन फ्रँकलिन यांचें. त्यांना मूतखड्याची व्यथा असल्यामुळें गाडीचे धक्के सोसत नसत. म्हणून ७८ वर्षांच्या या वृद्ध गृहस्थांना शहरांत नेण्याऐवजीं मंडळीच त्यांच्या दारीं आली होती. बागेंतील एक जर्दाळूचें झाड निवडून देलों नांवाच्या डॉक्टरानें त्यावर आपला विधि केला; म्हणजे त्याच्या मतें त्या झाडांत एक अदृश्य द्रव भरला. या द्रवाचा परिणाम ज्याच्यावर हमखास होतो असा सुमारें १२ वर्षांचा एक मुलगा त्यानें बरोबर आणला होता. मुलाचे डोळे बांधून त्याला घरांतून बाहेर आणण्यांत आलें आणि एकामागून एक चार झाडांना मिठी मारावयास सांगण्यांत आलें. पहिल्या झाडापाशीं त्याला घाम सुटला व खोकला आला. दुसऱ्यापाशीं डोकें दुखूं लागलें. तिसऱ्यापाशीं त्रास वाढला, आणि आपण त्या झाडाच्या जवळ येत चाललों आहोंत असें तो सांगूं लागला. चौथ्या झाडापाशीं तो बेशुद्ध झाला, त्याचे हातपाय ताठ झाले आणि त्याला उचलून हिरवळीवर निजवावें लागलें. मंत्रलेलें झाड तेथून सुमारें २४ फुटांवर स्वस्थ उभें होतें. मुलानें त्याला स्पर्शहि केलेला नव्हता.

जमलेल्या मंडळींनीं त्या मुलाला ढोंगी ठरविलें नाहीं. तो घाम खरा होता, ती मूर्च्छाहि खरी होती. खोटें होतें तें फक्त झाड. मग त्या मुलाला पाडलें कोणी? हा प्रश्न दिसावयास साधा आहे. पण त्याचें उत्तर नीट उच्चारण्यास युरोपला पुढें शंभर वर्षें लागलीं, आणि तें उत्तर आधीं उच्चारणाऱ्यांत एक गृहस्थ गोमंतकांतील बारदेशचे होते. त्या शंभर वर्षांची हकीकत म्हणजे मनुष्याचें मन त्याच्या शरीराला काय काय दाखवूं, ऐकवूं व भोगावयास लावूं शकतें, याच्या शोधाची हकीकत आहे. शोधकांपैकीं बहुतेकांना जें सांपडलें तें नको होतें, हा तिचा सर्वांत मौजेचा भाग.

ज्या विद्येची परीक्षा पासीच्या बागेंत चालली होती तिचा जनक फ्रान्झ अँटन मेस्मर. कॉन्स्टन्स सरोवराच्या कांठच्या इझ्नांग या खेड्यांत १७३४ सालीं त्याचा जन्म झाला आणि व्हिएन्नाच्या विद्यापीठांत तो डॉक्टर झाला. १७६६ सालीं लिहिलेल्या त्याच्या प्रबंधाचा विषय होता, ग्रहांचा मनुष्यदेहावर होणारा परिणाम. चंद्रामुळें समुद्राला भरती येते, मग देहांतील रसांना कां येऊं नये, हा त्याचा तर्क. १७७४ सालीं एस्टरलिन नांवाच्या एका रुग्ण स्त्रीच्या अंगावर त्यानें लोहचुंबक ठेवून पाहिले. हे चुंबक त्याला हेल या जेझुइट ज्योतिर्विदाकडून मिळाले होते. तिला बरें वाटलें. हेल म्हणूं लागले कीं, गुण माझ्या चुंबकाचा. मेस्मर म्हणूं लागला कीं, चुंबक केवळ निमित्त, गुण माझ्या देहांतून वाहणाऱ्या द्रवाचा. गुण कदाचित् त्या बाईचाच असेल, ही शंका दोघांपैकीं एकालाहि शिवली नाहीं. सर्व विश्व व्यापून राहिलेला एक सूक्ष्म द्रव आहे, त्याचा देहांतील प्रवाह अडला कीं रोग होतो, आणि ज्याच्या ठायीं तो विपुल आहे असा पुरुष हस्तस्पर्शानें तो प्रवाह मोकळा करतो, असा सिद्धान्त मेस्मरनें बांधला व त्याला प्राणिज चुंबकत्व असें नांव दिलें. प्रवाह मोकळा होतांना रोग्याला आचके आलेच पाहिजेत, असेंहि त्यानें ठरविलें. आणि रोग्यांना ते येऊंहि लागले.

व्हिएन्ना शहर मेस्मरला सोडावें लागलें तें एका अंध मुलीमुळें. मारिया तेरेसिया फॉन पाराडीस ही लहानपणींच दृष्टि गमावलेली असामान्य वादनकुशल तरुणी. सम्राज्ञीनें तिची कला पाहून तिला वेतन बांधून दिलें होतें. १७७७ सालीं १८ वर्षांच्या या मुलीला मेस्मरनें उपचारासाठीं आपल्या घरीं ठेवून घेतलें. त्याच्या स्वतःच्या वृत्तान्ताप्रमाणें तिला हळूहळू आकार दिसूं लागले. पण जी बोटें न पाहतां वाद्यावर निर्वेध धावत तीं आतां डोळे त्यांच्याकडे वळतांच अडखळूं लागलीं. मुलगी खिन्न झाली. आईबापांना वाटलें कीं, दृष्टि आली तर वेतन जाईल आणि कलाहि जाईल. बाप तरवार उपसून मुलीला न्यावयास आला आणि आईनें संतापाच्या भरांत तिचें डोकें भिंतीकडे ढकललें, असें मेस्मर लिहितो. व्हिएन्नाच्या वैद्यांनीं मात्र तिला कधीं दिसूं लागलेंच नव्हतें असा निर्वाळा दिला. मुलगी अंध म्हणूनच घरीं परतली. पुढें तिनें युरोपभर दौरे केले, संगीतरचना केल्या, व्हिएन्नांत संगीतशाळा काढली. तिच्या डोळ्यांविषयीं मेस्मर, वैद्य, आई आणि बाप असे सगळे भांडले. तिचें सुख कशांत आहे हें तिला विचारल्याची नोंद या साऱ्या वादांत आढळत नाहीं.

१७७८ च्या फेब्रुवारींत मेस्मर पॅरिसला आला आणि थोड्याच दिवसांत त्या शहराला त्याचें वेड लागलें. त्याच्या दिवाणखान्यांत मध्यभागीं एक मोठें लांकडी कुंड असे. त्यांत मंत्रलेल्या पाण्याच्या बाटल्या व लोखंडाचा कीस. झांकणाच्या भोंकांतून वांकविलेल्या लोखंडी सळया बाहेर येत. रोगी भोंवतालीं बसून त्या दुखऱ्या भागाला लावीत. अंधुक उजेड, सर्वत्र आरसे आणि कांचेच्या वाद्याचे कांपरे सूर. हें वाद्य फ्रँकलिन यांनींच १७६१ सालीं बनविलेलें. आपल्या वाद्यानें पुढें कोणाची साथ केली हें पाहून त्या वृद्धाला हंसूं आलें असेल. जांभळ्या रेशमी अंगरख्यांत मेस्मर येई, हातांतील कांडीनें एखाद्याला स्पर्श करी, डोळ्याला डोळा भिडवी. कीं लगेच एक बाई किंकाळी फोडून आचके देऊं लागे, आणि तिचें पाहून दुसरी, मग तिसरी. त्यांच्यासाठीं गाद्यांनीं मढविलेली एक वेगळी खोलीच ठेवलेली होती. सरदारांच्या बायका, पाद्री, सैनिक, वकील सर्व थरांतील लोक येत, आणि त्यांतील पुष्कळांना बरें वाटे. ज्या काळीं प्रतिष्ठित वैद्य मुख्यतः रक्त काढीत व जुलाब देत, त्या काळीं मेस्मरच्या उपचारानें निदान रोग्याचें रक्त तरी शाबूत राही, हें विसरतां कामा नये.

शेवटीं राजा सोळावा लुई यानें मार्च १७८४ मध्यें चौकशी मंडळ नेमलें. त्यांत वैद्यक शाखेचे चार व शास्त्रपरिषदेचे पांच असे सभासद होते. फ्रँकलिन होते, प्राणवायूचें खरें स्वरूप उलगडणारे रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिये होते, ज्योतिर्विद् बायी होते, आणि ज्यांचें नांव पुढें एका भयंकर यंत्राला मिळालें ते डॉक्टर गियोतँहि होते. मेस्मरनें सहकार्य नाकारलें. तेव्हां त्याचा शिष्य देलों याच्या दवाखान्यांत परीक्षा सुरू झाली. मंडळाचे सभासद प्रथम स्वतःच आठवड्यांतून एकदां कुंडाभोंवतीं बसले. त्यांना कांहींच झालें नाहीं. मग त्यांनीं एक अतिशय साधी वस्तु हातीं घेतली, ती म्हणजे डोळ्यांवर बांधावयाची पट्टी. वैद्यकाच्या इतिहासांत सूक्ष्मदर्शकाइतकाच मान या पट्टीला द्यावयास हवा; कारण रोग्याला काय दिलें आहे हें त्याला कळूं न देतां औषधाची परीक्षा घेण्याची जी पद्धति आज सर्व जगांत रूढ आहे तिचा उगम येथेंच सांपडतो.

जर्दाळूच्या झाडाचा प्रयोग वर सांगितलाच. देलोंनें त्यावर खुलासा केला कीं, उघड्यावरील सर्वच झाडांत थोडाबहुत द्रव असतो. मंडळानें उत्तर दिलें कीं, तसें असेल तर अशा प्रकृतीच्या माणसानें बागेंत फिरावयास जाणेंच धोक्याचें! लाव्हाझिये यांच्या घरीं एका बाईला एकामागून एक पाण्याचे पेले देण्यांत आले. मंत्र न घातलेल्या चौथ्या पेल्यालाच ती आचके देऊं लागली; आणि नंतर तिला सावरण्यासाठीं खुद्द मंत्रलेल्या पेल्यांतील पाणी दिलें तेव्हां तें तिनें शांतपणें पिऊन टाकलें व तिला बरें वाटलें. उलट दुसऱ्या एका बाईला शिवणाच्या निमित्तानें बोलावून एका खोलीत बसविलें. शेजारच्या खोलींतून, मध्यें केवळ कागदाचा पडदा असलेल्या दारामागून, तिच्यावर अर्धा तास प्रयोग चालला. ती हंसत बोलत बसली होती, तिला कांहींसुद्धां जाणवलें नाहीं. मग तिच्या समक्ष प्रयोग सुरू केला, तेव्हां तीनच मिनिटांत तिला आचके आले.

११ ऑगस्ट १७८४ रोजीं मंडळानें आपला अहवाल सादर केला. त्याचा निष्कर्ष असा कीं, कल्पनाशक्ति असेल तर चुंबकत्वावांचूनहि आचके येतात, आणि कल्पनाशक्ति नसेल तर चुंबकत्वाच्यानें कांहींच होत नाहीं. अर्थात् असा कोणताहि द्रव अस्तित्वांत नाहीं. निष्कर्ष बिनतोड होता. पण येथेंच एक चमत्कारिक गोष्ट घडली. एखाद्या खाणींत सोनें नाहीं हें सिद्ध करण्यास गेलेल्या माणसाला तेथें हिरे दिसावे, आणि त्यानें ‘सोनें नाहीं’ एवढेंच लिहून परत यावें, तसें या मंडळानें केलें. नुसत्या कल्पनेनें मुलगा बेशुद्ध पडतो, बाई तडफडते, रोग्याला बरें वाटतें, हें त्यांनीं प्रथमच प्रयोगानें दाखवून दिलें होतें. पण ही शक्ति धोक्याची आहे, हें नोंदण्यापलीकडे ती आहे तरी काय, तिचा उपयोग काय, हें विचारण्याची त्यांना गरज वाटली नाहीं. त्या क्षणापासून ‘केवळ कल्पना’ या शब्दांतील ‘केवळ’ हा शब्द वैद्यांच्या तोंडीं बसला तो बसलाच. वैद्यांच्या दुसऱ्या एका मंडळाचे सभासद, प्रख्यात वनस्पतिशास्त्रज्ञ ज्यूस्यू यांनीं तेवढें भिन्न मत नोंदविलें. या उपचारांत कांहींतरी तथ्य आहे, तें टाकून देऊं नये, असें त्यांचें म्हणणें. तें कोणी ऐकलें नाहीं. मंडळापैकीं बायी यांना १७९३ सालीं व लाव्हाझिये यांना १७९४ सालीं राज्यक्रान्तीच्या धामधुमींत त्याच यंत्राखालीं मान द्यावी लागली. मेस्मर मात्र १८१५ पर्यंत जगला आणि आपल्या सरोवराच्याच कांठीं वारला.

हीच चूक पुढें इंग्लंडांतहि झाली. पर्किन्स नांवाच्या अमेरिकन गृहस्थानें १७९६ सालीं धातूच्या दोन टोंकदार शलाका काढल्या. त्या दुखऱ्या भागावरून ओढल्या कीं वेदना जाते म्हणे. त्याच्या मुलानें लंडनमध्यें त्यांची जोडी पांच गिनींना विकली. बाथ शहरच्या डॉक्टर हेगार्थ यांनीं १७९९ सालीं लांकडाच्या तशाच शलाका करवून त्यांना हुबेहूब रंग दिला व संधिवाताच्या पांच रोग्यांवर ओढून पाहिल्या. चौघांना आराम वाटला. शलाकांचा बाजार उठला. त्या चौघांचा आराम कोठून आला, हा प्रश्न हेगार्थ यांनीं एका लहानशा पुस्तकांत मांडला, पण वैद्यकाच्या वहिवाटींत त्याला जागा मिळाली नाहीं.

दरम्यान मेस्मरच्या एका शिष्याच्या हातून नकळत एक नवी वाट उघडली गेली होती. प्युइसेग्यूरचा मार्की हा ब्यूझांसी येथील जमीनदार. १७८४ सालींच त्यानें आपल्या इस्टेटीवरील व्हिक्तोर रास नांवाच्या तरुण कुळावर प्रयोग केला. आचके येण्याऐवजीं व्हिक्तोरला झोंप लागली, आणि त्या झोंपेंतच तो बोलूं लागला. एरवीं धन्यासमोर ज्याच्या तोंडून शब्द फुटत नसे तो खेडूत आतां स्वच्छ भाषेंत, बरोबरीच्या नात्यानें, आपल्या दुखण्याविषयीं आणि बहिणीशीं चाललेल्या तंट्याविषयींहि सल्लामसलत करूं लागला. जागा झाल्यावर त्याला यांतील कांहींच आठवेना. मार्कीला आश्चर्य वाटलें. कुंडाची, सळयांची, आचक्यांची गरज नाहीं हें त्यानें ओळखलें. पण शक्ति आपल्या इच्छेंत आहे, आपण श्रद्धा धरून इच्छा करतों म्हणून समोरचा झोंपतो, असें त्यानें मानलें. म्हणजे कुंडांतील शक्ति आतां मार्कीच्या मनांत येऊन बसली. कुळाच्या मनापर्यंत ती अजून पोंचली नव्हती. जमीनदाराला तसें वाटणें साहजिकच होतें.

तें शेवटचें पाऊल टाकणारे गृहस्थ म्हणजे आबे फारीया. जोझे कुस्तोदियो द फारीया यांचा जन्म १७५६ सालीं बारदेशांतील कांदोळी गांवीं, आजोळीं झाला. वडील कायतान व्हितोरीन हे कोलवाळचे. घराणें मूळचें सारस्वत ब्राह्मणाचें, ख्रिस्ती झालेलें. आईबापांचें पटेना, चर्चच्या परवानगीनें दोघें विभक्त झालीं, वडील पाद्री झाले आणि आई जुन्या गोव्याच्या सांता मोनिका मठांत जोगीण झाली. १७७१ सालीं मुलाला घेऊन वडील लिस्बनला गेले. मुलाचें पुढील शिक्षण रोम येथें झालें आणि १७८० सालीं त्याला पाद्रीपदाची दीक्षा मिळाली.

फारीयांविषयीं गोव्यांत एक आख्यायिका अजून सांगतात. पोर्तुगालच्या राणीच्या मंदिरांत तरुण फारीया प्रवचनास उभे राहिले, आणि समोर दरबारी मंडळी पाहून त्यांची वाचाच बसली. तेव्हां व्यासपीठाच्या पायथ्याशीं बसलेल्या वडिलांनीं हलकेंच कोंकणींत म्हटलें, “ही सगळी भाजी; कातर रे भाजी!” समोर बसलेली मंडळी म्हणजे पालाभाजी, काप ती खुशाल. त्यासरशीं मुलाची भीति पळाली आणि प्रवचन ओघानें सुरू झालें. एका वाक्यानें आपली अवस्था अशी कशी पालटली, याचाच विचार पुढें फारीयांनीं जन्मभर केला, असें आख्यायिका सांगते. आख्यायिका हा पुरावा नव्हे. पण पुढें त्यांनीं जो सिद्धान्त मांडला त्याचें सार या एका प्रसंगांत पुरेपूर आहे. राणी तीच होती, सरदार तेच होते, बदललें होतें तें फक्त पाहणाऱ्याचें मन.

१७८७ सालीं गोव्यांत पोर्तुगीज सत्तेविरुद्ध पिंटोंचा कट उघडकीस आला. फारीया पितापुत्रांवरहि संशयाची छाया पडली आणि १७८८ सालीं मुलानें पॅरिस गांठलें. क्रान्तीच्या धामधुमींत १७९५ सालीं सत्ताधारी सभेविरुद्ध उठलेल्या एका तुकडीच्या अग्रभागीं हा गोंयकार पाद्री होता. पुढें कांहीं काळ मार्सेय येथें त्यांनीं तत्त्वज्ञान शिकविलें. या वर्षांत त्यांची प्युइसेग्यूरच्या विद्येशीं ओळख झाली. १८१३ सालीं पॅरिसच्या क्लिशी रस्त्यावर ४९ क्रमांकाच्या घरांत त्यांनीं आपले जाहीर प्रयोग सुरू केले. प्रवेशमूल्य पांच फ्रँक.

त्यांची रीत अशी होती. ना कुंड, ना कांडी, ना अंगावरून हात फिरविणें. समोरच्या माणसाला आरामखुर्चीवर बसवून ते डोळे मिटावयास सांगत, मन एकाग्र करून झोंपेचाच विचार करावयास सांगत, आणि मग भारदस्त आवाजांत एकच शब्द उच्चारीत, “झोंपा!” कित्येक लोक खरोखर झोंपत, आणि सूचना मिळाली कीं साध्या पाण्यांत त्यांना भलतीच चव लागे. यांत नवल वाटण्यासारखा भाग फारसा नाहीं. नवल त्यांच्या विवरणांत आहे. आपल्यापासून कांहींहि निघत नाहीं, द्रव नाहीं, इच्छाशक्तीचा प्रवाह नाहीं, जें घडतें तें झोंपणाऱ्याच्याच ठायीं घडतें, असें ते प्रेक्षकांना बजावून सांगत. झोंपविणारा हा केवळ निमित्त. म्हणूनच प्रत्येकाला झोंपवितां येत नाहीं. ज्याची प्रकृति तशी आहे तोच झोंपतो. ही प्रकृति रक्ताच्या पातळपणावर अवलंबून असते, असा तर्क त्यांनीं लढविला; तो आज टिकण्यासारखा नाहीं. पण मुख्य मुद्दा टिकला. मेस्मरनें ग्रहांपासून आणलेली आणि मार्कीनें आपल्यापाशीं ठेवलेली शक्ति फारीयांनीं जिची तिला परत देऊन टाकली.

याचें बक्षीस त्यांना काय मिळालें? द्रववादी चिडले, कारण त्यांचा द्रव गेला. धर्मगुरूंना यांत सैतान दिसला. सुशिक्षितांना लुच्चेगिरी दिसली. शातोब्रियां या थोर लेखकानें आपल्या आठवणींत त्यांची टर उडविली आहे: मोहिनी घालून पिंजऱ्यांतील कनारी पक्षी मारून दाखवितों असें फारीयांनीं म्हटलें, पण पक्षीच भारी ठरला म्हणे. पोतिये नांवाच्या नटानें एका बैठकींत झोंपल्याचें सोंग करून मध्येंच डोळे उघडले आणि सभेंत हंशा पिकविला. १८१६ सालीं त्यांच्यावर एक फार्सहि रंगभूमीवर आला. श्यामवर्ण, उंच, परक्या उच्चाराचें फ्रेंच बोलणारा हा पाद्री थट्टेला फार सोयीचा होता. प्रयोग बंद पडले. मुलींच्या एका शाळेंत धर्मोपदेशकाचें काम पत्करून ते आपला ग्रंथ लिहीत बसले. जागृत निद्रेच्या कारणांविषयींच्या त्या ग्रंथाचा पहिला भाग १८१९ सालीं निघाला. त्याच्या मुखपृष्ठावर त्यांनीं आपल्या नांवापुढें ‘ब्राह्मण’ असें छापविलें. त्याच वर्षीं २० सप्टेंबरला ते वारले. त्यांच्या थडग्याची खूणहि राहिली नाहीं. पुढें दुमा या कादंबरीकारानें ‘काउंट ऑफ मॉंटे क्रिस्टो’मध्यें त्यांचें नांव एका इटालियन कैद्याला दिलें, तेव्हांपासून जगाला फारीया माहीत आहेत ते तुरुंगाखालीं भुयार खणणारे म्हातारे म्हणून.

यानंतरची हकीकत थोडक्यांत सांगतां येते. १८४१ सालीं मँचेस्टरचे शस्त्रवैद्य ब्रेड यांनीं फारीयांप्रमाणेंच द्रव बाजूस सारला व १८४३ च्या आपल्या पुस्तकांत या विद्येला निद्रावाचक ग्रीक शब्दावरून नवें नांव दिलें. आज रूढ आहे तें हेंच. १८४५ सालीं बंगालमध्यें हुगळी येथें डॉक्टर एस्डेल यांनीं या निद्रेंत रोग्यांवर वेदनेशिवाय शस्त्रक्रिया केल्या. त्यासाठीं त्यांचे देशी मदतनीस रोग्याच्या अंगावरून तासच्या तास हात फिरवीत. दुसऱ्या वर्षीं कलकत्त्यांत सरकारनें त्यांना एक प्रायोगिक रुग्णालयहि दिलें. एस्डेल यांचा विश्वास मात्र जुन्या द्रवावरच होता, ही मौज. त्याच सुमारास ईथर व क्लोरोफॉर्म आले. मिनिटांत होणारें काम तासांत कोण करणार? वैद्यांनीं सुटकेचा निःश्वास टाकला. मनाचें लचांड एकदाचें गेलें.

पण तें गेलें नव्हतें. पॅरिसच्या सालपेत्रियेर रुग्णालयांत मज्जाविकारांचे जगन्मान्य पंडित शार्को यांनीं १८८२ सालीं ही निद्रा शास्त्राच्या दरबारांत आणली. उन्मादाच्या रोगी स्त्रियांत तिच्या तीन ठराविक अवस्था असतात, असें त्यांनीं दाखविलें. त्यांच्या शिष्यांनीं तर पुन्हां लोहचुंबक आणला आणि तो जवळ नेतांच डाव्या हाताचा लुळेपणा उजव्या हातांत जातो असें जाहीर केलें. म्हणजे शंभर वर्षांनीं मेस्मरचा चुंबक त्याच शहरांत, या वेळीं प्राध्यापकांच्या हातांत! नान्सी शहरच्या प्राध्यापक बर्नहाइम यांनीं हा मनोरा पाडला. त्याच शहरांत लियेबो नांवाचे डॉक्टर कित्येक वर्षें गरीब लोकांना झोंपेंत सूचना देऊन उपचार करीत होते. त्यांच्यापासून बर्नहाइम शिकले. त्यांचें म्हणणें असें कीं, तीन अवस्था रोग्याच्या मज्जातंतूंत नाहींत, त्या रुग्णालयाच्या हवेंत आहेत. त्या स्त्रिया वर्षानुवर्षें तेथें राहत. डॉक्टर त्यांच्या देखत पुढें काय होणार याची चर्चा करीत. आणि डॉक्टरांना जें पाहावयाचें होतें तें त्या प्रामाणिकपणें करून दाखवीत. शार्को स्वतः क्वचितच कोणाला निद्रित करीत. रोगी मदतनिसांकडून तयार होऊन त्यांच्यापुढें येत. पासीच्या बागेंत पट्टी मुलाच्या डोळ्यांवर बांधली होती. सालपेत्रियेरमध्यें ती प्राध्यापकांच्या डोळ्यांवर होती. १८९३ सालीं शार्को वारले आणि त्या तीन अवस्थाहि हळूहळू नाहींशा झाल्या. चुंबकाचे प्रयोग करणाऱ्या शिष्यांपैकीं आल्फ्रेद बिने यांनीं मात्र आपल्या फसवणुकीचा उत्तम धडा घेतला. माणसें दुसऱ्याची सूचना किती सहज उचलतात यावर त्यांनीं १९०० सालीं एक ग्रंथच लिहिला. आणि बर्नहाइम यांनीं सूचनेच्या सिद्धान्ताचा मान शोधतां शोधतां कांदोळीच्या विस्मृत पाद्र्याला दिला.

विसाव्या शतकानें ‘केवळ कल्पना’ प्रयोगशाळेंत नेली. १९७८ सालीं सॅन फ्रान्सिस्को येथील तीन संशोधकांनीं अक्कलदाढ काढलेल्या रोग्यांना वेदनाशामक म्हणून कांहींच गुण नसलेलें औषध दिलें. ज्यांना त्यानें आराम वाटला त्यांना मग अफूजन्य द्रव्यांचा परिणाम मारणारें दुसरें औषध दिलें, तेव्हां त्यांची वेदना पुन्हां वाढली. अर्थ असा कीं, भरंवसा बसतांच मेंदू स्वतःच अफूसारखें द्रव्य पाझरवितो. द्रव होता तर! पण तो ग्रहांवरून येणारा नव्हे, मेस्मरच्या बोटांतून वाहणाराहि नव्हे. २०१० सालीं हार्वर्डच्या वैद्यांनीं आंतड्यांच्या एका चिवट विकाराच्या ८० रोग्यांपैकीं कांहींना, या गोळ्यांत औषध मुळींच नाहीं असें स्पष्ट सांगून त्या दिल्या. गोळ्या न मिळालेल्यांपेक्षां त्यांना अधिक बरें वाटलें. दवा देणाऱ्याचें नातें, त्याचा वेळ, त्याचा विश्वास, यांचाहि त्यांत वांटा असतो, असें या अभ्यासकांचें म्हणणें आहे.

मात्र या शक्तीला मर्यादा आहेत, आणि त्या सांगितल्यावांचून ही हकीकत अपुरी राहील. २०११ सालीं दम्याच्या रोग्यांवर प्रयोग झाला. खरें औषध हुंगणारे व नुसती हवा हुंगणारे अशा दोघांनींहि सारखाच आराम वाटल्याचें सांगितलें. पण यंत्रानें फुप्फुसें मोजलीं तेव्हां खरी सुधारणा फक्त औषध घेतलेल्यांचीच होती. मनानें वेदना, धाप, भीति, मळमळ यांचें रूप पालटतें. आंतून आकुंचन पावलेली श्वासनलिका त्यानें उघडत नाहीं. मेस्मरच्या दिवाणखान्यांतून बरे होऊन गेलेले आणि न झालेले, यांच्यामधील रेषा बहुधा येथेंच असली पाहिजे. ती रेषा १७८४ मध्यें आंखतां आली असती. पट्टी हातांत होतीच.

फारीयांचें चरित्र प्रथम गोमंतकीय डॉक्टर दालगाद यांनीं १९०६ सालीं उजेडांत आणलें. १९४५ सालीं पणजी येथें, मांडवीच्या कांठीं आदिलशहाच्या जुन्या वाड्याशेजारीं, त्यांचा ब्राँझचा पुतळा उभारण्यांत आला. मडकईचे शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांची ती कृति. पायघोळ झगा घातलेले आबे एका स्त्रीवर वांकले आहेत, ती मागें कलली आहे, आणि त्यांचे दोन्ही हात, बोटें फांकून, तिच्या अंगावर पसरलेले आहेत. जणूं त्या बोटांतून कांहींतरी वाहत आहे.